आयबीएस आणि आतड्याचा जुना दाह : औषधांच्या जोडीला सवयींचे उपचार

आपल्याकडे ‘कोलायटिस’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. जेवल्या जेवल्या शौचास जावे लागते, सकाळी तीन-चार वेळा जाऊनही पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही, शौचातून चिकट पडते, प्रवास म्हटला की पोटात कळ येते, अशा तक्रारी असलेला माणूस ‘मला जुना कोलायटिस आहे’ असे सांगतो. कोणी त्याला ‘जुनी आव’ म्हणतो, कोणी संग्रहणी. फाइल उघडली की आत मेट्रोनिडाझोलचे पाच-सहा कोर्स, दोन सोनोग्राफी, एखादी कोलोनोस्कोपी आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल. यातल्या बहुतेकांना कोलायटिस नसतो. त्यांना असतो तो आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम.

खरा कोलायटिस वेगळा. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात, रक्त जाते. क्रोन्स या आजारात ही सूज तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही येऊ शकते. या दोन्हींना मिळून आयबीडी म्हणतात. आयबीएस आणि आयबीडी यांत एका अक्षराचा फरक असल्याने गोंधळ होतो, पण आजार म्हणून दोघांचा रस्ता निराळा. आयबीएसमध्ये आतडे दिसायला निरोगी असते, पण त्याचे वागणे बिघडलेले असते.

हा लेख दोन्ही प्रकारच्या रुग्णांसाठी आहे. विषय गोळ्यांचा नाही. शौचाच्या वेळा, श्वास, भीती, टाळाटाळ, जेवणाची पद्धत, औषध घेण्याची शिस्त यांचा आहे. आयबीएसमध्ये हे उपचार गोळ्यांच्या बरोबरीने काम करतात, कधी त्यांच्याहून जास्त. आयबीडीमध्ये मात्र ते गोळ्यांची जागा घेऊ शकत नाहीत. हा फरक मनात पक्का ठेवूनच पुढे वाचा.

आधी काय तपासून घ्यावे

पुढीलपैकी काहीही असेल तर सवयी बदलण्याच्या मागे लागण्याआधी डॉक्टरांना भेटा : शौचातून रक्त जाणे, काही न करता वजन उतरणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, बारीक ताप, हिमोग्लोबिन कमी असणे, पोटात गाठ लागणे, वयाच्या पंचेचाळीस-पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, किंवा जवळच्या नात्यात मोठ्या आतड्याचा कर्करोग वा आयबीडी असणे. ‘मूळव्याधीचे रक्त असेल’ असे म्हणून महिने काढणारे लोक नेहमी भेटतात. मूळव्याध असेलही, पण ते ठरवायचे तपासणीनंतर. आपल्या देशात आतड्याचा क्षयरोगही विसरून चालत नाही. तो क्रोन्ससारखाच दिसू शकतो आणि त्याचे उपचार पूर्ण वेगळे आहेत.

यातले काही नसेल तर आयबीएसचे निदान बहुतेक वेळा रुग्णाचे ऐकूनच होते. २०१६ पासून वापरात असलेल्या रोम-४ निकषांनुसार गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोटदुखी हवी, आणि तिचा संबंध शौचाशी, शौचाच्या वारंवारितेत झालेल्या बदलाशी किंवा मळाच्या स्वरूपातील बदलाशी हवा. या तीनपैकी किमान दोन. त्रासाची सुरुवात निदान सहा महिन्यांपूर्वीची असावी. सोबत रक्ताची साधी तपासणी, मळाची तपासणी, गरजेप्रमाणे थायरॉइड आणि सीलिअ‍ॅक आजाराची चाचणी, आणि शंका असेल तर मळातील कॅलप्रोटेक्टिन. कॅलप्रोटेक्टिन वाढलेले नसेल तर आतड्यात मोठी सूज असण्याची शक्यता फार कमी होते. एवढे झाले की तपासण्या थांबवायच्या. दर सहा महिन्यांनी ‘एकदा पुन्हा बघून घेऊ’ म्हणून केलेली सोनोग्राफी धीर देत नाही, संशयच वाढवते.

‘अमिबा’बद्दल एक वेगळा शब्द. शौचातून पांढरट चिकट पडणे हे आयबीएसमध्ये नेहमीचे आहे. त्याचा अर्थ दरवेळी आव झाली असा होत नाही. तपासणीशिवाय दर दोन महिन्यांनी मेट्रोनिडाझोल घेत राहिल्याने तोंडाची चव जाते, मळमळते, आणि दीर्घकाळ घेतल्यास हातापायांच्या नसांवरही परिणाम होऊन मुंग्या येऊ शकतात. आयबीएस त्याने बरा होत नाही.

पोट आणि मेंदू यांच्यात काय चालते

पोटात गोळा येणे, पोटात खड्डा पडणे, पोटात कालवाकालव होणे. हे वाक्प्रचार बनवणाऱ्यांना शरीरशास्त्र माहीत नव्हते, पण अनुभव खरा होता. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचे स्वतःचे मोठे जाळे असते. ते मेंदूशी सतत बोलत असते, आणि बहुतेक बोलणे खालून वर जाते. शरीरातील सेरोटोनिनपैकी सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यातच तयार होते. परीक्षेच्या सकाळी जुलाब होणे हा या संवादाचाच रोजच्या पाहण्यातला पुरावा आहे.

आयबीएसमध्ये या संवादाचा आवाज वाढलेला असतो. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात छोटा फुगा ठेवून तो ६० मिलिलिटरपर्यंत फुगवला. निरोगी लोकांपैकी ६ टक्क्यांना दुखले. आयबीएसच्या रुग्णांपैकी ५५ टक्क्यांना. फुगा तोच, हवा तेवढीच. म्हणजे तुमचे दुखणे खोटे नाही. इतरांना न जाणवणारा गॅस तुम्हाला खरोखर जाणवतो.

आता यात चक्र कसे तयार होते ते पाहा. पोटात थोडी हालचाल जाणवते. लक्ष तिकडे जाते. ‘आता जावे लागणार, इथे सोय नाही’ हा विचार येतो. छाती धडधडते, पोटाचे स्नायू आवळतात, आतड्याची हालचाल वाढते. आता खरोखरच कळ येते. पुढच्या वेळी त्या जागी जाण्याआधीच पोट तयारीला लागते. या चक्राचा कुठलाही एक दुवा सैल केला तरी ते मंदावते. सवयींचे उपचार म्हणजे हे दुवे एकेक करून सैल करणे.

‘म्हणजे डॉक्टर, हे सगळे माझ्या मनाचे आहे?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्याला तो लागलेला असतो. उत्तर असे : बिघाड मेंदू आणि आतडे यांना जोडणाऱ्या तारांमधला आहे. दुरुस्ती दोन्ही टोकांकडून करता येते.

दोन आठवड्यांची नोंदवही

सुरुवात इथून करा. साधी शाळेची वही पुरे. रोजच्या पानावर शौचाची वेळ, मळाचे स्वरूप, पोटदुखी शून्य ते दहापैकी किती, काय आणि किती वाजता खाल्ले, झोप किती झाली, आणि त्या वेळी काय चालले होते. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि लोक तोच रिकामा ठेवतात. ‘मंगळवारी वांग्याने त्रास झाला’ असे लिहिणाऱ्याने त्याच मंगळवारी मुलीच्या शाळेतून फोन आला होता हे लिहिलेले नसते.

मळाच्या स्वरूपासाठी १९९७ मध्ये मांडलेला ब्रिस्टल तक्ता उपयोगी आहे. त्यात सात प्रकार आहेत : पहिला शेळीच्या लेंड्यांसारखा कडक, सातवा पूर्ण पाण्यासारखा, तिसरा-चौथा उत्तम. ‘पोट बिघडले’ यापेक्षा ‘प्रकार सहा, सकाळी दोनदा’ यातून डॉक्टरांना खूप जास्त कळते.

वही दोन आठवडेच ठेवा. वर्षभर लिहीत बसले की वहीच आजाराला खतपाणी घालू लागते.

शौचालयातील सवयी

‘पोट साफ होणे’ या कल्पनेने आपल्याकडे जितकी माणसे बेजार झाली आहेत, तितकी बद्धकोष्ठतेने झाली नसतील. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा ही सगळी मर्यादा नॉर्मल आहे. रोज सकाळी सहाला पूर्ण रिकामे झालेच पाहिजे असा शरीराचा नियम नाही. आयबीएसमध्ये गुदाशय अतिसंवेदनशील असल्याने तो रिकामा असतानाही भरल्यासारखा वाटतो. ती जाणीव खरी मानून माणूस पुन्हा जातो, कुंथतो, थोडे चिकट पडते, आणि समज पक्का होतो की अजून आत आहे. चौथ्या फेरीपर्यंत गुदाशय चिडून जातो.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. सकाळी उठल्यावर आणि खाल्ल्यावर मोठ्या आतड्याची हालचाल नैसर्गिकपणे वाढते. म्हणून सकाळी काहीतरी खा किंवा गरम प्या, नंतर पंधरा-वीस मिनिटांनी शौचास जा, रोज साधारण त्याच वेळी. दहा मिनिटांहून जास्त बसायचे नाही. मोबाइल बाहेर ठेवा, पेपरही. झाले तर झाले, नाही तर उठायचे. त्यानंतर ‘अजून राहिले आहे’ असे वाटले तर पंधरा मिनिटे थांबून पाहा. बहुतेक वेळा जाणीव विरून जाते. हळूहळू फेऱ्या चारवरून तीन, तीनवरून दोन अशा आणा. एकदम एकवर येण्याचा हट्ट करू नका.

बसण्याची पद्धतही पाहा. भारतीय पद्धतीत गुडघे पोटाजवळ येतात आणि मळाचा मार्ग सरळ होतो. कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंचीचा पाट किंवा स्टूल घ्या, थोडे पुढे वाका, कोपरे मांड्यांवर टेकवा, पोट सैल सोडा. श्वास रोखून जोर लावू नका; श्वास सोडत सोडत हलका जोर पुरतो.

काही जणांमध्ये जोर लावताना गुदद्वाराचे स्नायू सैल होण्याऐवजी उलट आवळतात. अशा माणसाने इसबगोल कितीही घेतला, सोनामुखीचे चूर्ण कितीही फाकले तरी दार बंदच राहते. बोटाने मळ काढावा लागत असेल, किंवा मऊ मळसुद्धा जोर लावूनच बाहेर येत असेल तर ही शंका घ्या. त्यावर बायोफीडबॅक नावाचा प्रशिक्षणाचा उपचार आहे. पडद्यावर स्वतःच्या स्नायूंचा दाब बघत बघत रुग्ण ते सैल करायला शिकतो. या विशिष्ट दोषात हा उपचार रेचकांपेक्षा सरस ठरला आहे. मोठ्या शहरांतील काही गॅस्ट्रोएंटरॉलॉजी विभागांत तो मिळतो.

आणि ‘खाल्ले की लगेच तेच बाहेर पडते’ याबद्दल : आत्ता खाल्लेली पोळी मोठ्या आतड्यात पोचायला काही तास लागतात. जेवणानंतर लगेच पडते ते आधीचे असते. नव्या जेवणाने फक्त घंटा वाजवलेली असते. हे एकदा समजले की समोरच्या ताटाची भीती पुष्कळ कमी होते.

श्वास

पोटाने श्वास घेणे हा सगळ्यात स्वस्त उपचार आहे, त्यामुळे त्याला सर्वांत कमी मान मिळतो. उताणे झोपा किंवा खुर्चीत टेकून बसा. एक हात छातीवर, एक बेंबीवर. नाकाने श्वास घेताना बेंबीवरचा हात वर यावा, छातीवरचा जवळजवळ स्थिर राहावा. चार मोजून आत, सहा मोजून बाहेर; म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे.

कळ आल्यावर पहिल्यांदा करून पाहिले आणि जमले नाही, अशी तक्रार येते. पोहायला विहिरीत बुडताना शिकत नाहीत. तीन-चार आठवडे शांत वेळी सराव केला की मगच कळ आल्यावर तो कामाला येतो. तेव्हा करायचे असे : जागच्या जागी थांबा किंवा बसा, खांदे सैल सोडा, पाच-सहा लांब श्वास घ्या. शौचाची घाई लाटेसारखी येते आणि ओसरते. ओसरल्यावर चालत जा. पहिल्या आठवड्यात एक मिनिट थांबता आले तरी पुरे; पुढे दोन, पाच, दहा. मात्र अल्सरेटिव्ह कोलायटिस भडकलेला असताना हा प्रयोग करू नका. तेव्हाची घाई सुजलेल्या गुदाशयाची असते, ती रोखून धरण्यात अर्थ नाही.

टाळाटाळ आणि लोकल

आयबीएसचा रुग्ण त्रासापेक्षा त्रासाच्या भीतीने जास्त आक्रसत जातो. लग्नाला जाणे बंद, एसटी बंद, ऑफिसात डबा खाणे बंद. मुंबईच्या लोकलमध्ये शौचालय नसते, त्यामुळे उपनगरांतल्या रुग्णांची ही कोंडी मला विशेष ठळक दिसते.

समजा, डोंबिवलीचा एक माणूस दादरला नोकरीला आहे. नऊची गाडी पकडायची म्हणून तो पहाटे पाचला उठतो, पाच वेळा शौचास जाऊन येतो, सकाळी काही खात नाही, दाराजवळच उभा राहतो, आणि आठवड्यातून दोनदा घाटकोपरला उतरून स्टेशनवरचे शौचालय गाठतो. प्रत्येक वेळी उतरल्यावर त्याला सुटल्यासारखे वाटते, आणि मेंदू धडा घेतो की उतरलो म्हणून वाचलो. न उतरता काय झाले असते हे त्याला कधी कळतच नाही.

वर्तनोपचारात याची पायरी-पायरीने उलट बांधणी करतात. पहिल्या आठवड्यात रविवारी दुपारी रिकाम्या धीम्या गाडीने फक्त कोपरपर्यंत जाऊन परत यायचे, भीती निम्म्यावर येईपर्यंत तीच फेरी पुन्हा. मग दिवा. मग ठाणे. ठाण्यापर्यंतचे अंतर सवयीचे झाले की घाटकोपर, मग दादर. नंतर तेच कामाच्या दिवशी. नंतर तेच, पण सकाळी दोन पोळ्या खाऊन. शेवटी दाराजवळ न थांबता आत बसून. प्रत्येक पायरीवर थोडी धाकधूक व्हायलाच हवी. अजिबात होत नसेल तर पायरी फार सोपी आहे, आणि सोसवत नसेल तर मध्ये एक पायरी घाला.

खिशातल्या लोपेरामाइडच्या गोळीचे काय? जुलाबाच्या प्रकारात डॉक्टरांनी सांगितलेली गोळी महत्त्वाच्या दिवशी घ्यायला हरकत नाही. पण रक्त किंवा ताप असताना ती घ्यायची नाही. आणि गोळी खिशात नाही म्हणून जिन्यावरून परत फिरणारा माणूस औषधाचा उपयोग करत नसतो, ताईत बाळगत असतो. तो ताईतही शेवटच्या पायऱ्यांत सोडायचा असतो.

सीबीटी आणि संमोहन

वरचे सगळे एका चौकटीत बसवून, विचारांवरही काम करणाऱ्या उपचाराला सीबीटी म्हणतात. ‘मीटिंगमधून उठलो तर सगळे हसतील’ हा विचार खरा आहे का, शेवटचे कोण उठले होते ते तुम्हाला तरी आठवते का, अशी त्याची रीत. ब्रिटनमध्ये ५५८ रुग्णांवर झालेली अ‍ॅक्टिब ही चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. हे सगळे नेहमीच्या उपचारांनी बरे न झालेले रुग्ण होते. त्यांतील काहींना फोनवरून सीबीटी दिली, काहींना संकेतस्थळावरून आणि थोड्या फोनच्या आधाराने, तर उरलेल्यांचे नेहमीचे उपचार चालू ठेवले. वर्षभरानंतर सीबीटीच्या दोन्ही गटांत त्रास स्पष्टपणे कमी होता, आणि दोन वर्षांनीही फायदा बराच टिकून होता. महिनोन्‌महिने समोर बसण्याची गरज नाही, फोनवरचे आठेक तास पुरतात, ही त्यातली आपल्या उपयोगाची गोष्ट. तालुक्याच्या गावातल्या रुग्णालाही शहरातल्या मानसशास्त्रज्ञाकडून हे घेता येते. फक्त ठरवताना विचारा : आयबीएसच्या रुग्णांसोबत काम केले आहे का, घरी करायचा अभ्यास देणार का? नुसते ‘मन मोकळे करा’ म्हणजे सीबीटी नव्हे.

पोटासाठीचे संमोहन ऐकून लोक हसतात. त्यांना जादूगार आठवतो. १९८४ मध्ये मँचेस्टरच्या पीटर व्होरवेल यांनी अतिशय त्रासलेल्या ३० रुग्णांवर त्याची चाचणी ‘लॅन्सेट’मध्ये मांडली, आणि तेव्हापासून त्याचा अभ्यास चालू आहे. रुग्ण शुद्धीवर असतो. खोल शिथिलतेत त्याला पोटावरच्या उबेची, संथ वाहणाऱ्या पाण्याची कल्पना करायला शिकवतात. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २००८ च्या मार्गदर्शक सूचनांत बारा महिने औषधांनी गुण न आलेल्या आयबीएससाठी सीबीटी आणि संमोहन या दोन्हींचा विचार करावा असे म्हटले. आपल्याकडे असे प्रशिक्षित उपचारक मोजके आहेत. ‘एका बैठकीत मुळापासून बरे’ अशी जाहिरात दिसली तर तिकडे फिरकू नका.

योगाबद्दल विचारणा असतेच. दिल्लीच्या एम्समधील २००४ च्या एका लहान अभ्यासात जुलाबाच्या प्रकारचा आयबीएस असलेल्या २२ पुरुषांत योगाचा फायदा दिसला. जर्मनीत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५९ रुग्णांच्या अभ्यासात बारा आठवड्यांचा योग आणि लो-फोडमॅप आहार यांत लक्षणीय फरक आढळला नाही. अभ्यास छोटे आहेत, पण तोटा नाही. जमत असेल तर जरूर करा. शंखप्रक्षालन मात्र स्वतःच्या मनाने करू नका, आयबीडी असेल तर मुळीच नाही.

जेवण

यावर घरोघरी सल्लागार आहेत, म्हणून थोडक्यात. आधी वेळा सुधारा. सकाळी उपाशी, दुपारी घाईत चार घास आणि रात्री दहाला भरपेट, हे बंद करा. उपवासाच्या दिवशी दिवसभर चहावर राहून संध्याकाळी साबुदाणा वडे, म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी. पोट दुसऱ्या दिवशी हिशेब मागते. चहा-कॉफी दोन कपांवर आणा.

ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठात पुढे आलेला लो-फोडमॅप आहार खरोखर उपयोगी आहे. कांदा, लसूण, गहू, राजमा-छोले, दूध अशा आंबणाऱ्या शर्करा असलेल्या पदार्थांना दोन ते सहा आठवडे सुट्टी द्यायची, आणि मग एकेक परत आणून बघायचा. लोक पहिला भाग करतात, दुसरा करत नाहीत. तीन वर्षे नुसता वरण-भात खाऊन वजन आणि हिमोग्लोबिन घालवून बसलेले रुग्ण हे त्याचे फळ. परत आणणे हाच आहाराचा मुख्य भाग आहे. आहारतज्ज्ञांच्या मदतीनेच करा. आधीच खाण्याची धास्ती बसलेल्यांनी हा आहार न केलेला बरा. त्यांना आधी भीतीवर काम हवे.

आयबीडी असेल तर

इथे सर्वांत मोठा वर्तनोपचार एकच : बरे वाटत असताना औषध घेत राहणे. अल्सरेटिव्ह कोलायटिस शांत झालेल्या ९९ रुग्णांचा अमेरिकेतील एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी मेसालामिन नीट घेतले नाही त्यांच्यात आजार पुन्हा उलटण्याचा धोका, नीट घेणाऱ्यांच्या तुलनेत पाचपटीहून अधिक होता. कारणे आपल्याला माहीत असलेलीच : रक्त थांबले, गोळ्या महाग, दिवसातून दोन-तीनदा घ्याव्या लागतात, लग्न ठरले आहे आणि सासरी कळू नये. यावर इच्छाशक्ती नको, सोय हवी. पूर्ण मात्रा दिवसातून एकदाच घेता येईल का ते डॉक्टरांना विचारा, अनेकांना येते. गोळ्यांची डबी दात घासण्याच्या ब्रशशेजारी ठेवा. पट्टी संपण्याच्या दहा दिवस आधीची आठवण मोबाइलमध्ये लावा. पैशांची अडचण असेल तर गोळी अर्धी करण्याआधी ती डॉक्टरांच्या कानावर घाला. स्वस्त पर्याय बऱ्याचदा निघतो. गुदमार्गाने घ्यायचे औषध लाजेने टाळू नका. शेवटच्या भागातल्या सुजेवर ते तोंडावाटे घेतलेल्या गोळीपेक्षा चांगले काम करते.

जुन्या चिठ्ठीवर दुकानातून प्रेडनिसोलोन आणणे ही दुसरी सवय, आणि ती घातक आहे. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि अचानक बंद केल्यावर जीवावर बेतू शकते. डोकेदुखी-कंबरदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतल्याने काहींचा आजार भडकतो, पॅरासिटामॉल चालते. धूम्रपानाने क्रोन्सचा आजार नक्की बिघडतो, आणि ते सोडणे हे त्या आजारात औषधाइतके मोलाचे आहे.

सीबीटी, श्वास, योग यांनी आयबीडीची सूज उतरते असा भरवसा देण्याइतका पुरावा नाही. झोप, चिंता, थकवा, जगण्याची उमेद यांत त्यांची मदत होते, आणि ती काही थोडी नव्हे. थकव्यासाठी मात्र आधी हिमोग्लोबिन, लोह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासा.

आणखी एक बारीक गोष्ट. आयबीडी पूर्ण शांत असलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक-तृतीयांश लोकांना आयबीएससारखा त्रास राहतो. रक्त नाही, कॅलप्रोटेक्टिन नॉर्मल, तरी कळ आणि घाई. हा आजार उलटला असे समजून स्टेरॉइड वाढवायचे नसतात. इथे वर सांगितलेले आयबीएसचे सगळे उपचार लागू पडतात. फरक लक्षणांवरून ओळखता येत नाही, मळाची तपासणी करावी लागते. त्यामुळे घरी ठरवू नका.

झोपेची गोळी नाही ती

आयबीएससाठी अमिट्रिप्टिलिनची लहान मात्रा लिहून दिली की रुग्ण दुकानदाराला विचारतो, दुकानदार ‘ही डिप्रेशनची आहे’ म्हणतो, आणि गोळी कपाटात जाते. डिप्रेशनसाठी लागणारी मात्रा याच्या कितीतरी पट असते. १० मिलिग्रॅम रात्री, फार तर ३० पर्यंत, एवढ्या मात्रेत ती आतड्याकडून येणाऱ्या वेदनेच्या संदेशांचा आवाज कमी करते. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरांकडे येणाऱ्या ४६३ रुग्णांवरील २०२३ च्या चाचणीत ती नकली गोळीपेक्षा सरस ठरली. सुरुवातीला तोंड कोरडे पडते, सकाळी जड वाटते. दोन आठवडे कळ काढावी लागते. हृदयविकार, काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधी सांगा. वेदना एवढी कमी झाली की लोकलच्या पायऱ्या चढायला बळ येते. गोळी आणि सवयी एकमेकींच्या सवती नाहीत.

घरच्यांसाठी आणि ऑफिससाठी

एकच संडास आणि सहा माणसे असलेल्या घरात ‘किती वेळ?’ या हाकेइतके पोट आवळणारे दुसरे काही नसते. सकाळचे वीस मिनिटे त्या व्यक्तीची म्हणून ठरवून टाका. दिवसातून चारदा ‘आज कसे आहे पोट?’ विचारू नका; लक्ष पुन्हा तिकडेच जाते. ‘काही होत नाही तुला’ हेही नको. सून असेल तर तिला उरलेसुरले आणि उशिराचे जेवण मिळत नाही ना, हे पाहा. दिवसभर बाहेर काम करणाऱ्या अनेक बायका शौचालय नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. त्यांची बद्धकोष्ठता गोळीने सुटणार नाही.

ऑफिसात सगळे सांगण्याची गरज नाही. ‘मला आतड्याचा जुना आजार आहे, मधूनच पाच मिनिटे उठावे लागते’ एवढे वरिष्ठांना एकदा सांगून ठेवले की बऱ्याच जणांची घाई त्या दिवसापासूनच कमी होते.

त्रासाने जगण्यातला रसच गेला असेल, झोप उडाली असेल, नको ते विचार येत असतील तर पोटाच्या डॉक्टरांची पुढची तारीख येईपर्यंत थांबू नका. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते, आणि तिथे मराठीत बोलता येते.

पुढच्या भेटीला येताना दोन आठवड्यांची वही, चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या, चूर्णाच्या डब्यांसह, आणि जुन्या रिपोर्टपैकी फक्त कोलोनोस्कोपी व शेवटची रक्ततपासणी आणा. वहीच्या शेवटच्या पानावर एवढेच लिहून आणा : पोटामुळे तुम्ही काय काय करणे सोडले आहे, आणि त्यातले पहिले काय परत हवे आहे.